एकशे अठ्ठावीस मागितलं, एकशे एकोणतीस आलं

शमू,

तुझी बॅग घरी आली, तू आला नाहीस.

एस.टी.चा कंडक्टर घेऊन आला होता. पत्ता विचारत विचारत गल्लीत शिरला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, मी उघाडी नही. जशी व्हती तशीच शे." मी त्याला पाणीही विचारलं नाही. बॅग घेतली आणि दार लावलं. त्याची काही चूक नव्हती. उलट त्यानेच बस थांबवली, तुझं डोकं मांडीवर घेतलं, तुझ्या फोनवरून मला फोन केला. पण मला ज्याच्यावर ओरडायचं होतं त्याला आदल्या दिवशीच माती दिली होती, म्हणून मी त्या भल्या माणसावर दार आपटलं.

दर शनिवारी तुझे दोन फोन यायचे. पहिला, "अक्का, एरंडोल आलं." दुसरा, "पारोळा सोडलं, भाकरी टाक." एरंडोलच्या फोनवर मी पीठ काढायची, पारोळ्याच्या फोनवर तवा ठेवायची. इतकी वर्षं तू जळगावला नोकरी केलीस, इतकी वर्षं माझा शनिवार ह्या दोन फोनांवर चालला. त्या शनिवारी एरंडोलचा फोन आला. मी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ काढलं, मीठ टाकलं, पाणी घेऊन बसले. परातीसमोर बसूनच राहिले. मग फोन वाजला तो तुझाच नंबर होता, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "किती उशीर रे!" पलीकडून परक्या माणसाचा आवाज आला.

ते पीठ मी दोन दिवस फेकलं नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

बॅगेत काय होतं? रिकामा डबा, टॉवेल, छातीत जळजळ होते म्हणून तू प्यायचास ती गुलाबी औषधाची बाटली, काही छापलेले कागद, आणि एक फाईल. फाईल इंग्रजीत होती. ती घेऊन मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. म्हणाला, "अक्का, यांना ऑपरेशन सांगितलं होतं. हृदयाचं. लवकर करा म्हणून लिहिलंय." मी विचारलं, कधी सांगितलं होतं? त्याने तारीख दाखवली. दिवाळीच्या आधीची. आता उन्हाळा लागला, शमू. दिवाळीला तू माझ्यासमोर बसून चार करंज्या खाल्ल्यास आणि म्हणालास, "थोडी ॲसिडिटी आहे, बाकी काही नाही."

तू मला काय शिकवलं होतंस ते आठवतं का? चुकीबद्दल? मी शिवत होते, तू खाली चटईवर लॅपटॉप घेऊन बसला होतास. म्हणालास, "अक्का, प्रोग्राममध्ये चूक झाली तर त्याने लगेच थांबून ओरडलं पाहिजे. चूक पोटात ठेवून पुढे चालत राहणारा प्रोग्राम सगळ्यात वाईट. तो वरून नीट दिसतो आणि एक दिवस सगळं घेऊन बसतो." मग तू आदामाचं सांगितलंस. फळ खाल्लं ही चूक होतीच, पण देव बागेत हाका मारत फिरत होता तेव्हा तो झाडांमागे लपला, ते जास्त वाईट झालं. "तिथेच समोर येऊन सांगितलं असतं तर, अक्का, बायबल दोन पानांत संपलं असतं." तू हसलास. मीही हसले.

आणि तू काय केलंस? फाईल बॅगेत, बॅग खांद्यावर, आणि दर शनिवारी माझ्या दारात हसत. सहा महिने मी तुला विचारत होते, "दमलास का रे, रंग का उतरलाय?" आणि तू झाडामागे होतास.

मी चौथी शिकले. पुढे का शिकले नाही ते तुला माहीत आहे, पण मी तुला ते कधी रागाने बोलले नाही. आज बोलते. तू जन्मलास तेव्हा मी चौथीची परीक्षा दिली होती. आई दवाखान्यात आया होती, तिला दीड महिन्यात कामावर परत जायचं होतं. तुला कोण धरणार? शाळेतल्या बाई पाचवीचं नाव घालायला बोलवत होत्या. आई शाळेत गेली आणि माझं नाव काढून आली. मी तुला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले होते. तू माझ्या फ्रॉकवर दूध काढलंस. इतकंच मला त्या दिवसाचं आठवतं.

घरात एकच पुस्तक होतं, आईचं बायबल. मला अंगाई येत नव्हती, म्हणून तुला झोपवायला मी नावांची पानं वाचायची. ह्याला तो झाला, त्याला तो झाला. ती पानं चर्चच्या मंडळीत सगळे गाळतात. मी गाळत नव्हते, कारण ती वाचायला सोपी होती आणि तू त्यांना लवकर झोपायचास. मोठा झाल्यावर तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलास, तेव्हा एकदा मला म्हणालास, "अक्का, ती नावं म्हणजे साखळी आहे. प्रत्येकाच्या हातात फक्त पुढच्याचा पत्ता. मधला एक गाळला की पुढचे सगळे हरवले. आम्ही मशीनमध्ये अशीच ठेवतो." मला फार बरं वाटलं. म्हणजे मी गाळलं नाही ते बरोबरच केलं होतं.

तुला लोक म्हणायचे, बहिणीला काय कळणार हे. तू ऐकायचा नाहीस. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मीच म्हटलं होतं, "शमू, मला नको सांगू, माझं डोकं नाही तेवढं." तू माझ्या शिवणाच्या पेटीतून एक जुना कागद उचललास.

"हा कशाचा?"

"बाहीचा. ठेव तो, फाटेल."

"दर ब्लाऊजला नवा कापतेस?"

"येडा आहेस का? एकदा कापला. मग मापाप्रमाणे वाढवायचं, कमी करायचं."

तू टाळी वाजवलीस. "मी हेच करतो, अक्का! फक्त माझ्याकडे कापड नाही."

त्या दिवसापासून शनिवारची दुपार म्हणजे तुझी शाळा. मी शिवणाच्या मशीनवर, तू चटईवर. तू सांगायचास, देव जग कसं करतो बघ: आधी सांगतो, मग होतं, मग तो बघतो बरं झालं का, मगच संध्याकाळ. सहा वेळा तेच, सातव्याला थांबतो. थांबायचं कधी हे त्याला आधीच माहीत आहे. नियमशास्त्र म्हणजे, असं केलंस तर हे होईल, नाही केलंस तर ते होईल. शास्त्यांचं पुस्तक तुझ्या विशेष आवडीचं. लोक बिघडतात, मार खातात, रडतात, देव सोडवायला एक शास्ता पाठवतो, काही वर्षं बरी जातात, तो मरतो, लोक पुन्हा बिघडतात. "हा गोल फिरतोय, अक्का. थांबायची अट लिहिलेलीच नाही. माझ्याकडून असं झालं तर मशीन तापून बंद पडतं."

मी म्हटलं, "मग तापलंच की. शेवटचे अध्याय वाच, काय काय करतात ते."

तू लॅपटॉप बाजूला ठेवलास आणि माझ्याकडे बघत राहिलास. मला लाज वाटली. मी सुईत दोरा घालायला लागले, तो आधीच घातलेला होता.

एकदा तर मी तुला पकडलंच. तू म्हणत होतास, चांगला प्रोग्राम लिहिणारा एक गोष्ट एकदाच लिहितो आणि परत लागली की तिकडे बोट दाखवतो. मत्तय बघ, जिथे तिथे जुन्या संदेष्ट्यांकडे बोट दाखवतो. मी विचारलं, "आणि शुभवर्तमानं चार का रे? येशूची एकच गोष्ट चारदा?" तू जेवून उठलास. जाताना म्हणालास, "पुढच्या शनिवारी सांगतो." आणि पुढच्या शनिवारी चप्पल काढायच्या आधी सांगितलंस, "ती नक्कल नाही, अक्का. चार साक्षीदार आहेत. नक्कल असती तर चारही सारखी असती." मी म्हटलं, आधी पाय धू.

ह्या जगात मला एवढं मोठं समजून माझ्याशी कुणी बोललं नाही. त्याबद्दल तुझे उपकार आहेत. आणि म्हणूनच माझा राग जात नाही.

तू मला तुझ्या प्रोग्रामचे कागदही दाखवायचास. कॉलेजातून छापून आणायचास, सगळं इंग्रजी, पण मधे मधे एखादी ओळ मराठीत. "ह्या ओळी मशीन वाचत नाही. त्या नंतर येणाऱ्या माणसासाठी असतात." मी म्हटलं, स्तोत्रांच्या डोक्यावरही असं बारीक लिहिलेलं असतं, कुणाचं, कुठल्या वेळचं, कुठल्या चालीवर. मंडळीत तेही कुणी वाचत नाही. तू म्हणालास, तेच ते. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा दिसायचा: 'राहिलं'. काम अर्धं सोडावं लागलं की तिथेच लिहायचं, राहिलं, आणि पुढे काय राहिलं ते.

"मग करतोस का नंतर?"

"काही करतो. काही वर्षानुवर्षं तसंच असतं."

"कशाला लिहायचं मग?"

"मी नसलो तर दुसऱ्याला कळावं म्हणून."

मी तुला म्हटलं होतं, असलं अभद्र बोलू नकोस.

शेवटचा वाद ईयोबाचा. तो संपलाच नाही. मी म्हणत होते, तुझं हे असं केलं तर तसं होईल, ते ईयोबापाशी मोडतं. त्याने सगळं नीट केलं आणि थोरल्या मुलाचं घर त्याच्या दहा लेकरांच्या अंगावर पडलं. हा कुठला प्रोग्राम? तू म्हणालास, "त्याने तक्रार नोंदवली. तक्रार देवापर्यंत पोचली, उत्तरही आलं, पण ते उत्तर त्या तक्रारीचं नव्हतं. आमच्याकडेही असंच होतं." आणि तू हसायला लागलास. मला राग आला. मी म्हटलं, "आणि शेवटी नवी मुलं दिली म्हणजे झालं का? आधीची मेलेली भरून निघाली?" तेव्हा तुझं हसू गेलं. म्हणालास, "अक्का, एक कर. त्याची जनावरं आधी किती आणि नंतर किती ते बघ. मग मुलं आधी किती आणि नंतर किती ते बघ. पुढच्या शनिवारी बोलू."

तो पुढचा शनिवार म्हणजे एरंडोलनंतर न आलेला फोन.

मी बघितलं. तुला माती देऊन आल्यावर आठ दिवसांनी बघितलं. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल दुप्पट, गाढवं दुप्पट. मुलं आधी दहा, नंतरही दहाच. दुप्पट द्यायची तर वीस हवी होती. मी बोटांवर पुन्हा मोजलं. मग कळलं की वीसच आहेत. मेलेली दहा मोजून वीस. त्यांना कुणी वजा केलेलं नाही.

हेच मला सांगणार होतास ना? तुला फाईलमधलं माहीत होतं, आणि तू मला असं कोडं घालून सांगणार होतास! मला कोडं नको होतं, शमू. मला नुसतं सांगायचं होतंस. मी शिवणाचं मशीन बंद करून तुझ्याबरोबर जळगावला आले असते. मला बोलता येत नाही लोकांत, पण डॉक्टरच्या बाकावर बसता येतं.

आणि आता ते, ज्यावर आपण दीड वर्ष बोललो नाही.

नानांच्या नातवाचं लग्न. नाना म्हणजे आपल्या मंडळीतले सगळ्यांत वडील पंच. त्यांच्या शब्दाबाहेर पाळकसाहेबही जात नाहीत. तू मंडळीसाठी प्रोग्राम केला होतास. म्हाताऱ्यांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून वचन भिंतीवर मोठं दिसायचं. आधी तू प्रत्येक रविवारचं हाताने घालून ठेवायचास. त्या लग्नासाठी तू नवीन केलंस: नुसता आकडा टाकायचा, ते स्तोत्र येतं. सकाळी बसमध्ये बसून केलंस आणि थेट लग्नात लावलंस.

नवरी शिरपूरची. दोघं समोर उभी. पाळकसाहेबांनी एकशे अठ्ठाविसावं स्तोत्र सांगितलं, लग्नात नेहमी असतं तेच, बायको द्राक्षवेलीसारखी आणि लेकरं जेवणाभोवती. एक ओळ त्यांनी वाचायची, पुढची आपण. तू आकडा टाकलास. साहेबांनी आपल्या पुस्तकातून वाचलं, देवाला भिऊन चालणारा सुखी. आणि सगळ्या मंडळीने भिंतीकडे बघून एका आवाजात उत्तर दिलं की लहानपणापासून मला फार छळलं. साहेब थबकले. त्यांना वाटलं त्यांचंच पान चुकलं. ते पान चाळतायत तोवर मागच्या बाकावरच्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याने एकट्याने, खणखणीत आवाजात पुढचं वाचून टाकलं, पाठीवरून नांगर फिरवल्याचं. नवरी पदरात तोंड घालून हसायला लागली. मग सगळेच हसले. नाना सोडून.

उपासना संपल्यावर अंगणात नानांनी तुला उभं केलं.

"शमुवेल, हे वचन आहे. तुझं खेळणं नाही."

"नाना, चूक माझी. मशीन शून्यापासून मोजतं. एकशे अठ्ठावीस म्हटलं की त्याला एकशे एकोणतिसावं वाटतं. एक वजा करायला विसरलो."

"शून्यापासून? उत्पत्तीचा शून्यावा अध्याय दाखव मला. दाखव!"

लोक पुन्हा हसले, ह्या वेळी तुझ्यावर. मला आतून वाटलं, देवाने रोजचं काम रोज तपासलं आणि ह्याने बसमध्ये केलेलं तपासलंही नाही. मला तुझा रागच आला होता, हे खरं सांगते. आणि नेमकं तेव्हा नाना माझ्याकडे वळले.

"घरी हा म्हणतो म्हणे, बायबल म्हणजे प्रोग्राम आहे. अक्का, तू कधी खोटं बोलत नाहीस. तूच सांग. म्हणतो का?"

सगळे बघत होते. मी मान हलवली. हो.

"ऐकलं?" नाना म्हणाले. "आजपासून ह्या वायरीला हात लावायचा नाही."

तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग खाली बसून वायर कोपराभोवती नीट गुंडाळलीस, घड्या सारख्या केल्यास, लॅपटॉप बॅगेत घातलास आणि निघालास. त्यानंतर तू मंडळीत पाय ठेवला नाहीस. शनिवारी यायचास, जेवायचास, शिकवायचास. रविवारी मी पांढरी साडी नेसून निघाले की तू उंबऱ्यावर बसून विचारायचास, "आज कोणतं स्तोत्र?" आणि मी सांगायची. दीड वर्ष. मान हलवल्याचं ना तू बोललास, ना मी.

म्हातारा माणूस अडला म्हणून मी नानांवर रागावू शकते. तुझ्यावर रागावू शकते. पण मला विचारलं होतं एक आणि मी सांगितलं अर्धं, त्याचा राग कुणावर काढू?

तू गेलास त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी नाना आणि पाळकसाहेब घरी आले. रविवारी तुझ्यासाठी उपासना ठेवायची, घरच्यांनी स्तोत्र सुचवावं, कुणीतरी दोन शब्द बोलावे. घरचं म्हणजे मीच. नानांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "पोरगा हुशार होता. थोडा भरकटला. पण देव क्षमा करणारा आहे."

भरकटला. माझ्या घरात, तुझ्या चटईवर बसून.

मी बशी उचलली. दारात जाताना म्हटलं, "स्तोत्र मी सांगेन. वाचेनही मीच." पाळकसाहेब जरा दचकले. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज फक्त गाण्यांत ऐकला होता, आणि तोही बाकीच्या बायकांच्या आवाजामागे.

ते गेल्यावर मी बॅगेतले छापलेले कागद काढले. फाईलच्या नादात ते तसेच राहिले होते. तोच प्रोग्राम होता, मंडळीचा. ज्याला हात लावायचा नाही असं तुला सांगितलं होतं तोच. मी मराठी ओळी शोधल्या. एका जागी लिहिलं होतं, "इथे एक वजा केला. आता १२८ मागितलं की १२८च येतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी स्तोत्रं तपासली." म्हणजे तू नंतर एकटा बसून दीडशेच्या दीडशे तपासलीस, जे कुणी लावणार नव्हतं त्याच्यासाठी.

त्याच्या खाली लिहिलं होतं, "राहिलं: अक्काला सांगणे. तिने मान हलवली त्याचा राग नाही. तिला तेवढंच विचारलं होतं."

मी तो कागद हातात घेऊन उभी राहिले, आणि शमू, मला रडू नाही आलं. मला इतका संताप आला की मी कागद चुरगाळला. मशीन वाचत नाही अशा ओळीत! इंग्रजीच्या मधे! मी समोर बसलेली असताना, माझ्या हातची भाकरी खात असताना, तू हे मशीनला सांगितलंस आणि मला सांगायचं ठेवून दिलंस. दीड वर्ष मी रविवारी रस्त्याने जाताना मान खाली घालून चालले. एक वाक्य होतं. पारोळ्याच्या फोनइतकं छोटं.

मग मी कागद मांडीवर ठेवून हाताने सरळ केला. घड्या गेल्या नाहीत.

रविवारी मी पुढे गेले. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणतं?"

"एकशे एकोणतीस."

नाना पहिल्या बाकावरून म्हणाले, "अठ्ठावीस म्हणायचंय का, अक्का? की तेवीस, मयतीला वाचतात ते?"

"नाही नाना. एकोणतीस. चुकलं नाही."

मी वाचलं. लहानपणापासून छळल्याचं, पाठीवर नांगराचे लांब लांब तास पाडल्याचं, आणि तरी त्यांचं माझ्यापुढे काही चाललं नाही ते. छपरावरचं गवत, जे वाढण्याआधीच वाळतं आणि ज्याने कापणाऱ्याची मूठही भरत नाही, तेही वाचलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. पुस्तक मिटलं तेव्हा मला वाटलं आता बसावं. पण मग बसलेच नाही. आणि तोंडातून आपली घरचीच बोली निघाली, शुद्ध काही निघेना.

"नाना, त्या दिन तुम्हीन माले इचारं, मी मुंडी हालाई. ते खरं व्हतं. पन अर्ध व्हतं. बाकीनं आज सांगस."

आणि सांगितलं. की माझा भाऊ घरी म्हणायचा, बायबल प्रोग्रामसारखं लिहिलेलं आहे. आणि पुढे म्हणायचा की ह्यातली इथली एक ओळ काढली की दुसऱ्या टोकाचं काहीतरी पडतं, इतकं ते जोडलेलं आहे, आणि लिहिणाऱ्यांनी एकमेकांची तोंडंसुद्धा बघितली नव्हती. म्हणायचा, "अक्का, असं म्हटल्याने बायबल लहान होत नाही. मी दिवसभर जे करतो ते मोठं होतं." म्हटलं, तो भरकटला नव्हता. तुम्ही त्याला बाहेर ठेवलं आणि मी दार धरलं. तो रविवारी उंबऱ्यावर बसून आजचं स्तोत्र कोणतं ते विचारायचा. भरकटलेला माणूस असं विचारत नाही.

मग बसले. बाक कुठे आहे ते दिसत नव्हतं, कुणीतरी हात धरून बसवलं.

बाहेर अंगणात नाना काठी टेकत माझ्याजवळ आले. चपला शोधत असल्यासारखं खाली बघितलं. मग विचारलं, "ते त्याचं आता बरोबर चालतं का?"

"चालतं. एक वजा केलाय. सगळी तपासलीत."

"मग लावायला सांग ना पुढच्या रविवारी."

"लावणारा नाही नाना आता."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तसाच खाली घेतला. मला वाटलं, बरं झालं. मला तो आज नको होता.

घरी आले. कागद काढला. शिवणाच्या पेटीतली पेन्सिल घेतली. तुझ्या त्या ओळीवर काट मारावी असं वाटत होतं, काम झालं की तू मारायचास तशी. पेन्सिल टेकवली आणि थांबले.

कारण ते झालेलं नाही. मला कळलं, पण तू सांगितलं नाहीस. ते दोन वेगळं आहे, आणि काम झाल्याशिवाय काट मारायची नाही हे तूच शिकवलंस. म्हणून मी ती ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली पेन्सिलने, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं:

माझं सांगून झालं. तुझं राहिलं.